१९९ रुपयांचा लेहरा

तबल्याचा रियाज एकट्याने करायचा तर लेहरा धरायला कुणीतरी लागतं. पेटीवर सोळा मात्रांची एकच ओळ, ती तासभर तशीच फिरवत बसायची. घरातल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत जांभया सुरू होतात. लहानपणी माझी ताई धरायची. तिचं लग्न झालं आणि माझा रियाज सुटला, असं मी लोकांना सांगतो. (ताई म्हणते, तो त्याच्या आधी दोन वर्षं सुटला होता.)

पुढे पुण्यात अँड्रॉइडचं काम करण्यात बारा वर्षं गेली. घरून काम करायची सोय झाली तेव्हा मिरजेला परतलो, माळ्यावरचा तबला खाली काढला आणि पुन्हा तीच अडचण. लेहऱ्याची यंत्रं मिळतात. बंगळुरूच्या राडेलची 'सुनादमाला' आमच्या क्लासात होती. अ‍ॅपही होती, त्यातली दोन-तीन फार चांगली. पण मला खऱ्या पेटीचा आवाज हवा होता, भात्याच्या श्वासासकट. प्रोग्रॅमिंग येतं, पेटीवाला मित्र आहे, मग आपणच करू, असं ठरलं. धंदा वगैरे शब्द तेव्हा डोक्यात नव्हता. तो सातव्या महिन्यात आला, खर्चाची वही उघडली तेव्हा.

रेकॉर्डिंग एका मित्राच्या क्लासात केलं, तीन रात्री, साडेबारानंतर. त्याआधी रिक्षा आणि कुत्री. चार ताल, तीन राग, प्रत्येकाच्या चार लयी, अशा ४८ ओळी. चार लयी कशाला, एकच वाजवून कॉम्प्युटरने हळू-जलद करता येत नाही का, असं सगळे विचारतात. थोडं येतं. स्वर न हलवता लय बदलण्याचं गणित जुनं आहे, पण द्रुतात वाजवलेली पेटी निम्म्या गतीवर आणली की पाण्याखालून ऐकल्यासारखी वाटते. रूपकच्या एका टेकमध्ये मिरज जंक्शनवरच्या इंजिनाची शिट्टी आली आहे, तीही बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. ती मी काढलेली नाही. पेटीवाल्याला १२ हजार दिले, माइकला ९ हजार गेले, गूगलच्या डेव्हलपर खात्याचे २५ डॉलर एकदाच भरायचे असतात ते भरले.

किंमत ठरवताना घरात सभा झाली. आतेभावाचं म्हणणं, फुकट ठेव आणि जाहिराती लाव, सगळं जग तेच करतं. त्याचं चूक नव्हतं. गूगल प्लेवरच्या शंभरातली पंचाण्णवहून अधिक अ‍ॅप फुकटच असतात. पण लेहरा लावणारा माणूस फोन पालथा घालून शेजारी ठेवतो आणि दोन्ही हात तबल्यावर. स्क्रीनकडे बघणारं कुणी नाही, तर जाहिरात दाखवायची कुणाला? आणि तिहाई (तीनदा वाजवायचा तुकडा) समेवर येता येता मध्येच साबणाची जाहिरात वाजली तर मी स्वतः फोन भिंतीवर मारेन. शिवाय एक नियम मला माहीत होता: फुकट म्हणून एकदा प्रसिद्ध केलेलं अ‍ॅप पुन्हा विकत करता येत नाही. उलट चालतं. म्हणजे आधी पैसे लावून बघावेत, परतीची वाट तिकडूनच आहे. १९९ रुपये ठरले. तबल्याच्या एका पुडीच्या, म्हणजे वरच्या कातड्याच्या, दुरुस्तीलाही याहून जास्त लागतात, असा माझा हिशेब.

माझं खातं जानेवारी २०२४ चं. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना तेव्हा अट होती की अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी निदान २० जणांनी ते सलग १४ दिवस चाचणीसाठी घ्यायचं. (२०२४ च्याच डिसेंबरात २० चे १२ झाले. माझं काम उरकल्यावर.) अट वाचून मला हसू आलं, माझ्या मावश्याच तेवढ्या आहेत. खरी मेख पुढे होती. विकत मिळणाऱ्या अ‍ॅपची अशी चाचणी करायची तर चाचणी करणाऱ्यालाही ते विकत घ्यावं लागतं.

मग किंमत तात्पुरती १० रुपये केली, भारतात त्याहून खाली तेव्हा जाता येत नव्हतं, आणि नातेवाइकांना फोन लावत सुटलो. दहा रुपये मी रोख परत देतो, म्हणालो. प्रश्न दहा रुपयांचा नव्हताच. एका काकांच्या फोनला बँक जोडलेली नव्हती आणि जोडायची इच्छाही नव्हती. मावशीने सांगितलं, यूपीआयचा पिन मी कुणाच्याही सांगण्यावरून टाकत नाही, आणि तिचं बरोबरच होतं. आयफोनवाले तिघे बाद. आतेभाऊ, ज्याला मी लग्नात अंगठी घातली, त्याने "बघतो" म्हणून आठ दिवस काढले. शेवटी क्लासमधली पोरं कामाला आली. अकरावीतल्या एका मुलीने एका संध्याकाळी नऊ जण आणले. विसावा माणूस आमचा पेटीवाला. त्याने स्वतःचीच पेटी दहा रुपयांना विकत घेतली आणि तो किस्सा तो अजून प्रत्येक मैफलीत सांगतो.

मार्चमध्ये अ‍ॅप बाहेर आलं. त्याच्या पानावर खाली माझ्या घराचा पूर्ण पत्ता: घर नंबर, गल्ली, मिरज, पिन कोड. पैसे घेणाऱ्या वैयक्तिक खात्याचा पत्ता ग्राहकांना दिसलाच पाहिजे, असा नियम आहे. आईला हे अजिबात आवडलं नाही. मलाही नाही.

पहिला महिना जोरात गेला. एप्रिल-मे म्हणजे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा हंगाम. प्रवेशिका, मध्यमा, विशारदची पोरं रियाजाला लागलेली असतात. ६२ जणांनी घेतलं. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी विक्रीचा आकडा बघत असे. दोन महिन्यांनी लक्षात आलं की कमिशन ३० टक्क्यांनी कापलं जातंय. वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरच्या विक्रीवर ते १५ टक्केच असतं, २०२१ पासून. पण त्यासाठी खात्यात जाऊन नाव नोंदवावं लागतं. मी नोंदवलं नव्हतं. कागद न वाचता सही करणाऱ्या शेतकऱ्याच्या गोष्टी आपण मिटक्या मारत सांगतो, आणि दुसऱ्यांची सॉफ्टवेअर लिहून पोट भरणारा मी एक पान वाचलं नाही. नोंदणीनंतर १९९ तले २९ रुपये ८५ पैसे दुकानाचे, उरलेल्यावरचा कराचा हिशेब सीएकडे.

मग परतावे सुरू झाले. विकत घेतल्यापासून दोनेक तासांत ग्राहकाला बटण दाबून पैसे परत मिळतात. यात गैर काही नाही, विकतच्या अ‍ॅपला चव घेऊन बघायची दुसरी सोयच नसते. पण माझ्या यादीत एक ठरावीक चाल दिसायला लागली. संध्याकाळी सहाला खरेदी, पावणेआठला परतावा. पुन्हा दुसऱ्या कुणाची, सकाळी साडेपाचला खरेदी, सातला परतावा. एका माणसाला एक अ‍ॅप एकदाच असं परत करता येतं, म्हणजे ही सगळी वेगवेगळी माणसं. पावणेदोन तास वाजवून उठायचं आणि पैसे घेऊन जायचं. पहिल्यांदा राग आला. मग वाटलं, चला, पावणेदोन तास रियाज तरी झाला, माझा तेवढा होत नाही.

पण सगळेच परतावे तसे नव्हते. जूनमध्ये एकामागून एक चार वाईट शेरे आले. सूर एकच: "दोनशे रुपये घेतात आणि मध्येच बंद पडतं." फुकटच्या अ‍ॅपला माणूस असं लिहीत नाही, नुसतं काढून टाकतो. विकतच्या अ‍ॅपला एक तारा देताना त्याच्या बोटात दोनशे रुपयांचं वजन असतं. मी माझ्या फोनवर तीन-तीन तास लेहरा लावून ठेवला, काही बंद पडेना. शेरा लिहिणाऱ्यांना उत्तरं दिली, फोनचं मॉडेल विचारलं. कुणी बोललं नाही.

जुलैतल्या एका दुपारी, पाऊस धो धो, दारात एक गृहस्थ. पिशवीत गुंडाळलेला फोन.

"मिरजेचे तबल्याचे अ‍ॅपवाले तुम्हीच का?"

इचलकरंजीहून एसटीने आले होते. वय सत्तरीच्या आसपास, चाळीस वर्षं यंत्रमागावर काढलेली. तबला निवृत्तीनंतर धरला. आईने टॉवेल दिला, चहा टाकला.

"अहो, पेटी झकास आहे तुमची," ते म्हणाले. "पण पंधरा मिनिटं झाली की तुमचा पेटीवाला उठून जातोय."

मी फोन हातात घेतला, झपताल लावला, स्क्रीन बंद केली आणि आम्ही दोघं चहा पीत बसलो. ते मध्येच मांडीवर बोटांनी ठेका देत होते. चौदाव्या मिनिटाला पेटीवाला खरंच उठून गेला. स्वस्त फोन बनवणाऱ्या काही कंपन्या बॅटरी वाचवायला आपापले जादा नियम घालतात. पडद्यामागे चालणारं काहीही थोड्या वेळाने मारून टाकायचं. अँड्रॉइडच्या नियमाप्रमाणे माझं सगळं बरोबर होतं, त्या फोनच्या नियमाप्रमाणे नव्हतं. सेटिंगमध्ये जाऊन माझ्या अ‍ॅपवरचे बॅटरीचे निर्बंध काढले. दुसऱ्या वेळी तास झाला तरी चालू. त्या तासात काकांनी तीनताल लावून एक कायदा (तबल्याची बांधलेली रचना) वाजवून दाखवला, पलटे, म्हणजे तिचे फेरफार, जरा कच्चे, पण लय मागासारखी, जागची हलत नव्हती.

उठताना मी विचारलं, परतावा का नाही घेतला?

"घ्यायचा कशाला? पत्ता मिरजेचा दिसला म्हणून तर विकत घेतलं. म्हटलं, बिघडलं तर जाऊन विचारता येईल."

पुढच्या आठवड्यात अ‍ॅपमध्ये एक पान वाढवलं, कुठल्या फोनवर कुठलं बटण दाबायचं ते चित्रांसकट. परतावे निम्म्यावर आले. आईने पत्त्याबद्दल पुन्हा काही म्हटलं नाही.

चोरीबद्दल लोक फार विचारतात म्हणून सांगतो. चौथ्या महिन्यात माझं अ‍ॅप एका ग्रुपवर फुकट फिरत होतं, कुणीतरी कुलूप काढून. मला तो दुवा माझ्याच क्लासमधल्या मुलाने पाठवला, "दादा, हे तुमचंच ना?" असं निरागसपणे विचारत. जानेवारी २०१५ मध्ये 'मॉन्युमेंट व्हॅली' या गाजलेल्या खेळाच्या लंडनमधल्या कंपनीने सांगितलं होतं की अँड्रॉइडवर उतरवलेल्या प्रतींपैकी फक्त ५ टक्के पैसे देऊन घेतलेल्या आहेत, आयफोनवर ४० टक्के. उरलेल्या सगळ्याच चोरीच्या नव्हेत, एकच माणूस दोन यंत्रांवर घेतो वगैरे, हेही त्यांनी सांगितलं. तेवढ्या मोठ्या खेळाचं हे, तर माझ्या ४८ ओळींचं काय. दोन रात्री परवान्याची तपासणी घट्ट करण्यात घालवल्या. त्याने चोराचं काही बिघडलं नाही. रेंज नसलेल्या गावातल्या एका शिक्षकांचं खरं, विकत घेतलेलं अ‍ॅप मात्र उघडेना. तपासणी परत सैल केली.

वर्ष संपलं तेव्हा, मार्च २०२५ मध्ये, परतावे वजा जाता २३१ प्रती. त्यातल्या ६४ परदेशातल्या: न्यू जर्सी, लंडन, सिडनी, दुबई. तिकडे किंमत ४ डॉलर ९९ सेंट ठेवली होती. म्हणजे चौथ्या हिश्शाच्या थोड्या वर माणसं आणि पैसे निम्म्याला आले. तिकडून परतावा जवळपास शून्य. "आयपॅडवर कधी?" एवढंच विचारतात. आयपॅडसाठी अ‍ॅपलला दर वर्षी ९९ डॉलर द्यायचे आणि मॅक घ्यायचा, तो दरवाजा मी अजून उघडलेला नाही. एकूण हातात आले साधारण ५० हजार. खर्च वजा जाता पंचवीसेक. सात महिन्यांच्या संध्याकाळी आणि नंतरचं वर्ष. आतेभावाने भागाकार करून तासाचा दर काढला आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मी तो उघडला नाही असं दाखवलं.

पण मला टोचलं ते वेगळंच. विक्री कमी होती तरी होत होती. त्रास विकून झालेल्या प्रतींचा होता. गूगल दर वर्षी अट पुढे सरकवतं: अ‍ॅप अमुक नव्या अँड्रॉइडसाठी तयार हवं. ऑगस्ट २०२५ अखेरची मुदत अँड्रॉइड १५ ची होती. त्यात स्क्रीनच्या कडांची मांडणी बदलली, माझी लयीची पट्टी खालच्या बटणांच्या मागे गेली. १ नोव्हेंबरपासून आणखी एक, मेमरीची पानं ४ ऐवजी १६ केबीची चालली पाहिजेत. हे वाचणाऱ्याला कंटाळवाणं आहे आणि करणाऱ्याला त्याहून. लय बदलण्याचं ते गणित मी दुसऱ्यांच्या तयार कोडवर बांधलेलं होतं, ते नव्याने बांधायला तीन आठवडे गेले. या तीन आठवड्यांचे पैसे कुणी द्यायचे? ज्यांनी मार्च २०२४ मध्ये १९९ दिले त्यांनी तर देऊन टाकले.

आईचा तानपुरा घेऊन मी दर वर्षी सतारमेकरांच्या गल्लीत जातो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तिथे फोटो काढणारे वाढलेत. तिथले सतारमेकर चाचा घोडीवरून (तारा टेकतात त्या पट्टीवरून) हात फिरवतात, दोरा सरकवतात, कानशीने जरासं घासतात, ऐकतात, पुन्हा घासतात. जवारी, म्हणजे तारेचा तो भरलेला झंकार, निघाली की पैसे द्यायचे. तानपुरा त्यांच्याच वडिलांनी बनवून विकलेला. तो विकला म्हणून जवारी जन्मभर फुकट, असं आईला कधी वाटलेलं नाही. चाचांना मी माझी कथा सांगितली. ते म्हणाले, "लाकूड तुमच्याकडे राहतं ना बेटा, म्हणून लोक येतात. तुझं तर हवेत आहे."

शेवटी जून २०२५ मध्ये मी अ‍ॅप फुकट केलं. तीनतालाची एक ओळ सगळ्यांना, बाकीचं २९९ रुपयांना आतून विकत. परतीची वाट बंद झाली. बटण दाबताना बोट थोडं थांबलं होतं.

इथे एक खड्डा होता आणि तो मला ऐकून माहीत होता, तरी मी त्यात पडलोच. ज्यांनी आधी पैसे दिलेत त्यांना सगळं खुलं राहायला हवं. पण अँड्रॉइडवर नंतर अ‍ॅपला कळायला सोपी वाट नाही की हा माणूस पैशाच्या काळातला आहे की फुकटच्या. आयफोनवर ती नोंद मिळते. म्हणून मी महिनाभर आधी एक सुधारणा सोडली होती, जी जुन्यांच्या फोनमध्ये गुपचूप खूण करून ठेवेल. ज्यांनी ती सुधारणा वेळेत घेतलीच नाही, किंवा मधल्या काळात फोन बदलला, त्यांच्या तोंडावर दार बंद. पहिल्या आठवड्यात ३८ ईमेल. "मी पैसे दिले होते." सगळ्यांना मोफत कूपन पाठवली, पुरावा मागितला नाही. त्या ३८ मधल्या पाच-सहांनी तरी दिले नसणार. असोत.

महिन्याला ४९ रुपयांची वर्गणीही ठेवून बघितली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते. नियम ग्राहकाच्या भल्याचाच आहे, पण माझ्या ग्राहकाला दर महिन्याला बँकच आठवण करून द्यायची की तुम्ही या महिन्यात तबल्याला हात लावलेला नाही. लगेच वर्गणी बंद. चार महिन्यांत २३ चे ५ उरले. काढून टाकली.

आता सहा महिन्यांत साडेपाच हजारांनी उतरवून घेतलंय, त्यातल्या ७१ जणांनी २९९ दिले. शंभरात सव्वा माणूस. आकडा आधीपेक्षा बरा आहे, एवढंच. फुकटवाल्यांचे शेरे गोड असतात आणि मागण्या मोठ्या: पखवाज टाका, सारंगी टाका, काळी पाचच्या वरच्या पट्टीत जाऊ द्या.

इचलकरंजीच्या काकांचा फोन गेल्या आठवड्यात आला. त्यांना धमाराचा लेहरा हवा आहे, चौदा मात्रांचा, सावकाश.

"करतो," मी म्हणालो. "तुम्हाला काही द्यायचं नाही काका, तुम्ही जुने."

पलीकडे थोडा वेळ नुसता माग चालल्याचा आवाज. शेजारच्या घरातला असणार.

"मग ते व्हायचं न्हाई," ते म्हणाले. "किती ते सांगा."

पेटीवाला शनिवारी मोकळा आहे, साडेबारानंतर.